जज्जसाहेबांची प्लॅस्टिकची हिरवळ

नेडीन टॅकेट स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. तिच्या नव्या कोऱ्या बदामी गालिच्यावर मागच्या दारापासून सोफ्यापर्यंत काळे पंजे उमटले होते. ते ज्याचे होते तो बारा वर्षांचा, लांब कानांचा शिकारी कुत्रा सोफ्याशी निवांत पसरला होता. त्याचं नाव जज्ज. कुठल्याही गोष्टीवर तो बराच वेळ गंभीरपणे विचार करायचा आणि मग झोपी जायचा, म्हणून ते नाव.

"वर्लन!"

सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला तिचा नवरा धावत आला. त्याने पंजे पाहिले, बायकोचा चेहरा पाहिला आणि जज्जची वकिली सुरू केली.

"एक पंजा पायपुसण्यावर पण आहे बघ. म्हणजे प्रयत्न केला होता त्यानं."

"यापुढं गालिच्यावर एक जरी काळा पाय उमटला ना, तर हा लबक गावाला जाईल. तुझ्या भावाकडं. कायमचा!"

 भावाचं घर पाच तासांवर होतं आणि भावाला कुत्री आवडत नसत.

आता इथल्या ऐन उन्हाळ्यात, ऑगस्टात, आकाशात ढगाचा ठिपका नसताना चिखल कुठला, असं बाहेरचा माणूस विचारील. वॉक्सहॅची गावात कोणी विचारत नाही. इथली काळी माती उन्हाने आकसली की भिंतींना तडे जातात आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून लोक उन्हाळ्यात घराला, म्हणजे पायाभोवतीच्या मातीला, पाणी घालतात. टॅकेटांच्याही भिंतीकडेने बारीक भोकांची झिरपती नळी होती, नळीजवळ पीकनचं, अक्रोडाच्या जातीचं झाड होतं आणि गेली बारा वर्षं जज्ज त्या झाडाखाली, तिथेच आणि फक्त तिथेच, मोकळा होत होता.

वर्लनने उपाय शोधला. परसात प्लॅस्टिकची हिरवळ! चिखल खाली राहील, कुत्रा वर राहील, घरालाही पाणी मिळत राहील. त्याने चार बोटं खोल माती खणायला घेतली, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारी ऑर्व्हल प्रुइट बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास घेऊन बघत उभा राहिला. ऑर्व्हलने जन्मात कधी काही खणलं नव्हतं, पण त्याला सगळं माहीत असे.

"वर्लन, पाणी बाहेर जायला वाट ठेव रे."

"खडी टाकतोय की. पाणी खाली जाईल."

"कुठं खाली? काळ्या मातीत खड्डा म्हणजे घमेलं असतं, बाबा."

"पाणी खालीच जातं, ऑर्व्हल. शाळेत शिकवतात."

पालथ्या घड्यावर पाणी. तीन दिवसांत खडी दाबून झाली, हिरवळ अंथरून खिळेही ठोकून झाले. परस इतकं हिरवंगार दिसू लागलं की नेडीनसुद्धा "बरं दिसतंय" म्हणाली, आणि तिच्या तोंडी ही फार मोठी स्तुती होती.

जज्ज बाहेर आला. त्याने हिरवळ हुंगली, झाडाकडे पाहिलं, पुन्हा हिरवळ हुंगली आणि निकाल राखून ठेवून घरात परतला.

दुपारीही तेच. संध्याकाळीही तेच. त्याला रस्त्यावर फिरवून आणावं, तर पट्टा गळ्यात असताना असली खासगी कामं त्याने आयुष्यात केली नव्हती. शेवटी वर्लनने इकडेतिकडे पाहिलं, झाडाखाली गुडघे आणि हात टेकले आणि एक पाय वर उचलून दाखवला.

"काय रे," कुंपणावरून आवाज आला, "नेडीनबाईंनी तुलाही घराबाहेर काढलं का?"

वर्लन कपडे झटकत उठला. गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या की हिरवळीला वास नाही, म्हणून कुत्र्याला ती आपली वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हलने आपला पिकल्स नावाचा चिमुकला कुत्रा उदार मनाने पाठवला. पिकल्सने पंधरा ठिकाणी वास आणून दिला. जज्जने पंधराही ठिकाणं तपासली आणि अपमान झाल्यासारखा तो घरात निघून गेला.

मग वर्लनने तो वास घालवायला अर्धा तास नळी मारली. घराची झिरपती नळी चालू होतीच. घमेलं काठोकाठ भरलं. जज्जने पुन्हा एकदा मोठ्या धीराने हिरवळीवर पाऊल टाकलं, तशी इकडे दबलेली जमीन तिकडे फुगली. म्हातारा जज्ज किंचाळून मागे सरला आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन उभा राहिला. 

"सांगितलं होतं," ऑर्व्हल म्हणाला.

रात्री कुणी फारसं जेवलं नाही. नेडीनने मक्याच्या पावाचा तुकडा टेबलाखाली धरला. जज्जने तो हुंगलाही नाही.

सकाळी वर्लन उठून बाहेरच्या खोलीत आला. मागच्या दारापासून सोफ्यापर्यंत, गालिच्यावर, काळ्याभोर चिखलाची रांग! बायकोनं पाहायच्या आत पुसून काढायचं म्हणून त्याने ओला पंचा आणला आणि गुडघ्यांवर बसून घासायला लागला. चार डाग पुसल्यावर त्याचा हात थांबला. या पंज्यांना नखं नव्हती. पाय चार नव्हते, दोनच होते. आणि लांबट होते.

त्याने मान वर केली. सोफ्यावर नेडीन बसली होती. तिचा झोपण्याचा झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला होता आणि हातात स्वयंपाकघरातली मोठी कात्री होती. जज्ज तिच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता.

"एक शब्द बोलू नकोस," ती म्हणाली.

वर्लनने खिडकीतून पाहिलं. पीकनखाली हिरवळीला परातीएवढं भोक पडलं होतं, खालची खडी बाजूला सारलेली होती आणि त्यातून काळा, चिकट, जुना चिखल दिसत होता.

"झाली का त्याची?"

"झाली. मी हात धरून उभी होते त्याचा. पाय म्हणजे." तिचा आवाज जरा ओला झाला. "किती सोसलं रे बिचाऱ्यानं. माझ्या गालिच्यापायी."

वर्लनला त्या क्षणी बायको इतकी आवडली की काय करावं ते सुचेना. म्हणून तो नेहमीसारखा चावटपणाच करायला गेला.

"नियम म्हणजे नियम पण, नेडीन. गालिच्यावर काळा पाय दिसला. भावाला कळवतो, तुझ्यासाठी खोली तयार ठेव म्हणून."

नेडीनने जज्जचा कान हलकेच सरळ केला.

"ती हिरवळ उरलीय ना गॅरेजमध्ये?"

"आहे एक मोठा तुकडा. का?"

"हा गालिचा काढ आणि ती इथं अंथर," ती म्हणाली. "धुता तरी येईल."