बरोब्बर पासष्ट किलो

“या वर्षी केडगावात पहिली मॅच जिंकली न्हाई, तर कप्तानी सर्जेरावाच्या हवाली! आबा, लिहून ठिवा!”

वरवंडच्या तालमीपुढं नवनाथनं ही डरकाळी फोडली, तेव्हा कबड्डी मंडळाचे अध्यक्ष रखमाजी आबा यांनी लिहून काही ठेवलं नाही, पण ऐकलं मात्र पक्कं. मंडळाचा संघ तीन वर्षं पहिल्याच सामन्यात गारद होत होता आणि तिन्ही वर्षं कप्तान नवनाथच होता. सर्जेराव शेजारीच बसला होता. तो नुसता हसला. त्या हसण्यानं नवनाथची झोप उडाली!

तशी ती आधीच कमी होती. हा गडी बसला तरी त्याचा एक पाय हलतच असायचा. कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की घर ओलांडून तो थेट केडगाव गाठायचा. स्टेशनाजवळ नुकताच सायबर कॅफे निघाला होता. तिथल्या कॉम्प्युटरवर बास्केटबॉलचा गेम होता. बास्केटबॉल वरवंडात कुणी पाहिलेला नव्हता, नवनाथनंही नाही. पण त्या गेमात आपला खेळाडू आपणच घडवायचा असे. उंचीची एक पट्टी, वजनाची एक पट्टी. वजन वाढवलं की ताकद वर जायची आणि पळणं खाली यायचं. वजन उतरवलं की उलटं. नवनाथनं स्वतःच्या नावाचा पावणेसात फुटी गडी तयार केला आणि पट्ट्या मागंपुढं ओढत तासन्‌तास घालवले. एके दिवशी तो खुर्चीतून ताडकन उठला. अरे, हेच तर आपल्या पोरांचं चुकतंय!

“आपला गट किती किलोचा?” त्यानं दुसऱ्या दिवशी संघाला विचारलं.

“पासष्टपर्यंतचा,” सगळे म्हणाले.

“मंग साठ किलोचा गडी उतरवायचा, म्हंजी पाच किलो ताकद घरी ठिवून यायची! कॉम्प्युटर सांगतोय. सातच्या सात गडी बरोब्बर पासष्ट पायजेत. एक ग्रॅम कमी न्हाई, एक ग्रॅम जास्त न्हाई!”

“आरं, मी सत्तावन हाय,” हौशीराम म्हणाला. चढाईला गेला की समोरचे त्याला बाजारच्या पिशवीसारखं उचलून बाजूला ठेवत.

“तू आठ चढव.”

“आन् मी बहात्तर,” म्हाळू म्हणाला. लग्न त्याला चांगलंच मानवलं होतं.

“तू सात उतरव.”

“मी एकोणसाठ हाय आन् एकोणसाठच ऱ्हाणार,” सर्जेराव म्हणाला. “मला त्या खोक्यात घालू नगंस.”

झालं! सर्जेराव राखीव खेळाडू ठरला.

पुढचे दोन महिने नवनाथनं कुणाला सुखानं जेवू दिलं नाही. हौशीरामला रोज सहा अंडी, डझनभर केळी आणि शेंगदाण्याचे लाडू. पोरगं बाळसं धरतंय हे बघून त्याच्या आईला वाटलं, याला लग्नाची घाई झालीय. तिनं लगोलग पाहुणे बोलावले! तिकडं म्हाळूची बायको भागुबाई दारात येऊन उभी राहिली.

“भावजी, ह्ये माझ्या हातची भाकर खाईनात. नुसती काकडी खात्यात! शेजारणी इचारत्यात, भांडान झालंय का म्हणून!”

“वहिनी, फकस्त पासष्टपर्यंत कळ काढा!”

वजन करायला केडगावातल्या कांद्याच्या आडतीवरचा मोठा काटा होता. तिथं म्हस्कूमामा मापाडी. तीस वर्षं कांद्याच्या गोण्या तोलून त्यांची नजर अर्धी झाली होती, पण आवाज खणखणीत होता. दर गुरुवारी पोरं काट्यावर चढायची, मामा आकडा ओरडायचे आणि नवनाथ वहीत लिहायचा. शेवटच्या गुरुवारी मामांनी सात वेळा आरोळी दिली, “पासष्ट!” सातवा खुद्द नवनाथ होता. त्यानं मामांना काट्यावरूनच मिठी मारली.

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर वजनं सुरू झाली.

“म्हाळू. सदुसष्ट,” पंच म्हणाले. “पुढचा. हौशीराम. सदुसष्ट.”

सातही जण सदुसष्ट!

“काटा बिघाडलाय!” नवनाथ ओरडला.

पंचांनी शांतपणे वीस किलोचं माप काट्यावर ठेवलं. काट्यानं वीस दाखवलं. “एक वाजेपर्यंत वेळ हाय. कमी करून आणा, न्हाईतर घरी जावा.”

नवनाथ आडतीकडं धावत सुटला.

“म्हस्कूमामा! गुरुवारी आमची वजनं किती सांगितलीसा?”

“पासष्ट.”

“काटा किती दावत व्हता?”

“सदुसष्ट.”

“आन् दोन किलो?”

“कडता! गोणीमागं दोन किलो कापायचंच आसतंय. बारदानाचं.”

“अहो मामा, माणसाला कुठलं आलं बारदान?”

मामांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. “कापडं व्हती की अंगात!”

नवनाथ तसाच उलटा पळाला.

मग जे झालं ते केडगाव अजून विसरलेलं नाही. वरवंडहून आलेल्या म्हाताऱ्यांच्या खांद्यावरची घोंगडी काढून नवनाथनं ती सहा जणांना पांघरली आणि भर उन्हात त्यांना मैदानाभोवती पळवलं. प्रत्येकाबरोबर तो स्वतःही पळत होता. “पळ हौशा! म्हाळू, भाकरीचा वास येतोय असं समज!” तासाभरानं हौशीराम पावशेरानं अडला, तेव्हा त्याला न्हाव्यापुढं बसवलं. संध्याकाळी पाहुणे मुलगा बघायला येणार होते, पण डोक्याचा तुळतुळीत गोटा झाला! ओरडून ओरडून नवनाथच्या घशाला कोरड पडली. रसवंती समोरच होती. उभ्या उभ्या त्यानं उसाचा रस घेतला. एक. मग दुसरा. मग तिसरा.

एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना सहाही जण पासष्टात बसले! नवनाथ आनंदानं काट्यावर उडी मारून चढला.

“सदुसष्ट,” पंच म्हणाले, “आन् वर दोनशे ग्रॅम.”

“नवनाथ,” आबा हळूच म्हणाले, “उतर खाली.”

सर्जेराव हातातलं केळं संपवून काट्यावर चढला. एकोणसाठ. सातवा गडी आणि कप्तान म्हणून तो आत गेला.

नवनाथला रडूच यायचं बाकी होतं. पण बसणार कसा? तो रेषेबाहेर येरझारा घालू लागला आणि त्याला आतून कधी न दिसलेलं दिसायला लागलं. समोरच्या संघाचा डाव्या कोपऱ्यातला गडी दर वेळी आधीच पुढं झेपावत होता. “हौशा, डावीकडं! पाय टाकून माघारी ये!” हौशीराम गेला आणि गुण घेऊन आला. “म्हाळू, थांब... थांब... आत्ता धर!” म्हाळूनं धरला. वरवंड एका गुणानं जिंकलं! चार वर्षांत पहिल्यांदा! नवनाथ नाचला आणि मग मनातून जळलाही, कारण पोरांनी सर्जेरावाला खांद्यावर घेतलं होतं.

“गप बसा!” आबा गरजले. “बोलीप्रमाणं जिंकलोय. कप्तान नवनाथच!”

नवनाथचा ऊर भरून आला.

“तीन साल आत हुतास, हरलो,” आबा पुढं म्हणाले. “आज भाईर ऱ्हायलास, जिंकलो. आता कायम कप्तान तूच. फकस्त भाईर!”

दुसऱ्या दिवशी नवनाथ कॅफेत गेला. पावणेसात फुटी गडी त्यानं पुसून टाकला आणि पहिल्यांदाच स्वतःची खरी मापं भरली. उंची पाच फूट पाच. पट्टी तेवढी खाली येईना, मग येईल तिथवर आणली. वजन भरताना मात्र इकडं तिकडं बघून त्यानं गुपचूप दोन किलो कडता कापला. सामना सुरू झाला. नवनाथनं पडद्यावर स्वतःला शोधलं.

मशीननं त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं होतं!