गोपाळमामा आणि पाण्याची रेघ

गोपाळमामा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते वास्तुशांतीच्या जेवणाला. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची लांब नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन सोप्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेले. पंक्ती खोळंबली. मग निकाल लागला, “तुझो सोपो दोन बोटां कललो. गवंड्याक इचार.” गवंडी पंक्तीतच बसला होता. तो काही बोलणार, तेवढ्यात मामा म्हणाले, “पाणी खोटा बोलना नाय,” आणि पानावर बसून वरणभात मागू लागले.

आमच्या पार्शे गावात या नळीतून काही सुटलेलं नाही. लग्नाचे मांडव, तुळशीवृंदावनं, शेजारणीची जनेलं, म्हणजे खिडक्यासुद्धा. एकदा दशावतार रंगात आलेला असताना मामांनी राजाला बाकावरून उठवलं, बाकाच्या पायाखाली लाकडाची चिपटी सारली आणि “बस आता” म्हणून खाली उतरले.

तरुणपणी ते गोव्याच्या सीमेपलीकडच्या धरणाच्या मोजणीत पट्टी धरायला होते. पाणी कुठवर चढणार ते साहेब दुर्बिणीतून बघून सांगायचे आणि मामा झाडांवर, दगडांवर तांबडी रेघ मारायचे. एवढ्या भांडवलावर, गोव्यातला प्रत्येक दिवा आपणच लावला अशी त्यांची समजूत आहे. “निवळ वीज रे ती. धूर नाय, राख नाय. पाणी वरसून येता, चाक फिरवता आणि पुढे शेतात जाता.” वीज गेली की वाड्यावरचे लोक थट्टेने त्यांच्याच दारात तक्रार नेतात. मामा गंभीरपणे “बघतंय” म्हणतात.

त्यांचं स्वतःचं गाव त्याच पाण्याखाली गेलं. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, “पाण्याक खंय तरी जागा व्हयीच ना,” आणि माझ्या कुंपणाकडे बघू लागले.

एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं छळत होती. चवथीच्या आदल्या दिवशी मामा रान पालथं घालून, गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी कवंडळाची फळं, सुपारीचे शिपटे, वेली गोळा करतात आणि पोतं घेऊन डिचोलीची बस धरतात. तिथे त्यांची थोरली बहीण आक्का राहते. ती वीसेक वर्षं त्यांच्याशी बोलत नाही, एवढं गावाला ठाऊक. का, ते कुणालाच नाही. मामांना ती एकच बहीण.

यंदा त्यांचा गुडघा सुजला, म्हणून मी गाडी काढली. नको तिथे नाक खुपसायची माझी सवय जुनीच.

आक्काच्या घराशी मामांनी पोतं फाटकाला टेकवलं आणि मागे वळले. दर वर्षी हे एवढंच होतं म्हणे. मी सरळ हाक मारली, “आक्का, पाणी द्याल काय?” आक्का तांब्या घेऊन आली. मामांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे तिने एकदा पाहिलं. मी विचारूनच टाकलं, “भावाला आत का घेत नाही?”

“तेकाच इचार,” आक्का म्हणाली.

मामा फाटकाचा गज धरून उभे होते. जमिनीकडे बघत म्हणाले, “मोजणीच्या वेळार आक्कान माका इचारल्यान, गावातला माझा घर रेघेच्या खाली काय वर. मी म्हटलंय, वर.”

“आणि तेच्या शब्दार मी नवी कौलां घातलंय. मगे घर सोडूची नोटीस इली.” आक्काने पहिल्यांदाच भावाकडे तोंड केलं. “तुका तेव्हाच म्हायत होता?”

“होय. रेघ मीच मारललंय.”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

“चवथ दुसऱ्या दिसार होती. तू सोप्यार माटोळेचा सामान पसरून बसललंस, पोरांवांगडा हसत होतंस. म्हटलंय, चवथ झाल्यार सांगीन. मगे जमलाच नाय.”

मला लाज वाटली. असल्या ठिकाणी आपण गाडीतच बसायला हवं होतं.

आक्काने फाटकाची कडी काढली, पोतं उचललं आणि घराकडे चालता चालता, मागे न बघता म्हणाली,

“ती चवथ मातर बरी झाली.”