बदकांच्या खुर्चीतली चूक

त्या दिवशी मी फक्त नवे बूट घालायचे ठरवले होते. बाकी सगळे आपोआप होत गेले.

जावयाने दिलेले बूट वर्षभर खोक्यातच होते. आमच्या भागात वर्षातून एक रविवार सगळ्या जुन्या वास्तू लोकांना बघायला उघडतात. गावोगाव पताका लागतात, बँड वाजतो, सगळ्यांत मोठा भोपळा कुणाचा याचीही स्पर्धा होते. यंदा वाचनालयाची बस निघणार होती. बायकोने दोन महिने आधीच दोघांची नावे दिली होती.

"अहो, बूट घरात चार पावलं घालून तरी बघा," ती म्हणाली.

"बूट रस्त्यावर घालायचे असतात," मी म्हणालो. (मी फार कमी बोलतो. बोलतो तेव्हा हे असे काहीतरी बोलतो.)

पाणचक्कीपाशी बूट नुसते कुरकुरत होते. घंटेच्या मनोऱ्याला एकशे अठरा पायऱ्या निघाल्या. साठाव्या पायरीवर डाव्या टाचेला फोड आला आणि नव्वदाव्या पायरीवर उजवीने त्याची बरोबरी केली. वर पोहोचल्यावर कळले की ज्याने ती घंटा ओतली, त्याने तिच्या काठावर आपल्या बायकोचे नाव ओतून ठेवले आहे. घंटा वाजली की चार गावांना तिचे नाव ऐकू जाते म्हणे.

बायको बराच वेळ त्या नावावरून बोट फिरवत राहिली. बसमध्ये बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतकी वर्षं झाली. तुम्ही माझ्यासाठी एक तरी वेडेपणा केलात का हो?"

मी विचार केला. मी वेताच्या खुर्च्या विणणारा माणूस. चौथीत शाळा सुटली. आमच्या धंद्यात वेडेपणा केला तर गिऱ्हाईक खाली बसते, ते थेट जमिनीवर. उत्तर सापडेपर्यंत पुढचे ठिकाण आले. उत्तर मात्र आले नाही, आणि ती माझ्याकडे न बघताच खाली उतरली.

ती होती जमीनदाराची कोठी. अंगणात बँड संथ काहीतरी वाजवत होता. आत सगळीकडे थंडावा आणि मेणाचा वास. उंच खिडक्यांतून ऊन तिरके येत होते आणि त्यात धुळीचे कण इतके सावकाश फिरत होते, की त्यांनाही नवे बूट चावत असावेत.

कोठी दाखवणारी मुलगी एका दोरीमागच्या खुर्चीपुढे थांबली. "ही जमीनदारांची आवडती खुर्ची. दोनशे वर्षांपूर्वीची. बैठकीच्या डाव्या कोपऱ्यात बघा, वरून जायची ती वेताची पट्टी खालून गेलीय. ही चूक नाही बरं का! ही त्या कारागिराची गुप्त खूण आहे."

मी खुर्चीच्या हातांकडे बघितले. दोन्हीकडे कोरलेली बदकाची डोकी. एका बदकाची चोच तुटलेली.

ते बदक माझ्या ओळखीचे होते.

"चूकच आहे ती," मी पुटपुटलो.

"गप्प बसा हो," बायको कानाशी म्हणाली. "त्या पोरीने अभ्यास केलाय."

मंडळी तळघर बघायला गेली. मी मागे राहिलो. खात्री करून घ्यायची, बायकोला हाक मारायची आणि दाखवायचे, एवढाच बेत होता. दोरी ओलांडली. बैठक खालून बघायला जमिनीवर उताणा झालो. कडेला पेन्सिलीची माझीच खूण होती, अर्धवट पुसलेली. उठताना गुडघ्यांनी नकार दिला. बदकांना धरून कसाबसा उभा राहिलो, बूट काढले, आणि म्हटले, दोन मिनिटे टेकावे. स्वतःच्याच विणीवर बसायला काय हरकत आहे?

(दोरीवर 'बसू नये' अशी पाटी होती. पण मी दोरीच्या आत होतो. आतल्या बाजूने पाटी कोरी होती.)

वीण अजून पक्की होती. बाहेर बँड वाजत होता. मग बँड लांब गेला आणि मी वेताच्या कारखान्यात बसलेलो होतो, बावीस वर्षांचा, पुढ्यात हीच बदकांची खुर्ची नव्याने विणायला आलेली. टबात वेत भिजत होता. समोरच्या रस्त्याने शिवणाच्या क्लासला जाणारी ती मुलगी पिवळी छत्री घेऊन आली. छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मालक म्हणाले, "अरे, पट्टी कुठे चालवतोस?" मला ऐकू आले नाही. छत्री वळणावर गेली, आणि माझी पट्टी वरून जायची ती खालून गेली.

"आणि हा पुतळा कुणाचा?" छत्री म्हणाली.

"पुतळा?" दुसरा आवाज आला. "इथे पुतळा नाहीये..."

"किती हुबेहूब केलाय! मोज्याचं भोकसुद्धा! आणि घोरण्याचा आवाजही!"

"बुटाच्या तळव्याला किमतीची चिठ्ठी आहे. विकायला असेल."

मी डोळे उघडले. दोरीपलीकडे दुसऱ्याच बसमधली तीसेक माणसे उभी होती. एका बाईने किंकाळी फोडली. सगळ्यांच्या मागे, एका हाताने पदर सावरत, माझी बायको उभी होती. बाहेर आमची बस हॉर्न देत होती.

कोठीवाल्या मुलीने तिला विचारले, "आजी, हे तुमचे का?"

बायकोने मला डोक्यापासून मोज्यापर्यंत बघितले. "मघाशी घोरत होतं ना?"

"हो."

"मग आमचंच."

"आजोबा, दोनशे वर्षांची खुर्ची आहे ती! मोडली असती म्हणजे?"

"लाकूड दोनशे वर्षांचं असेल," मी म्हणालो. "वीण माझी आहे. शेहेचाळीस वर्षांपूर्वीची. आणि ती खूणबिण काही नाही, पोरी. चूक आहे."

तिचा चेहरा उतरला. "असं नका ना म्हणू. पुस्तिकेत छापलंय!"

"चूक कशी झाली?" किंकाळी फोडणाऱ्या बाईने विचारले.

मी आयुष्यात तीस माणसांसमोर कधी बोललो नव्हतो. पण खुर्चीत बसलोच होतो. "रस्त्याने एक मुलगी जात होती," मी म्हणालो. "पिवळी छत्री होती तिच्याकडे. मी बघत राहिलो. ती पट्टी कुठे गेली ते मला कळलंच नाही."

"मग पुढे काय झालं त्या मुलीचं?"

"ती काय, मागे उभी आहे."

तीस माना एकदम वळल्या. बायकोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दोरी उचलून आत आली (तिला कुणी अडवले नाही), वाकली आणि मला जरा बाजूला सारून त्या उलट्या पट्टीवर बोट ठेवले. घंटेवर ठेवले होते ना, तसेच. बाहेर बस हॉर्न द्यायची थांबली होती.

"छत्री आईची होती," ती हळूच म्हणाली. "चाप बिघडला होता तिचा."

परतीच्या वाटेवर शेते सोनेरी झाली होती. भोपळ्याचे बक्षीस मिळवलेला गृहस्थ पुढच्या बाकावर भोपळा मांडीवर घेऊन झोपला होता. माझे बूट बायकोच्या पिशवीत आणि माझा हात तिच्या हातात. टाचा ठणकत होत्या, पण त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी आहेत असे वाटत होते. इतक्या वर्षांनी मला उत्तर सापडले होते, आणि तेही तीस साक्षीदारांसमोर.

बरीच गावे मागे गेल्यावर ती म्हणाली, "अहो."

"काय गं?"

"आपल्या घरातल्या खुर्चीत अशा तीन चुका आहेत. रोज केर काढताना बघते."

"असतील," मी म्हणालो.

"ती तुम्ही थोरलीच्या वेळी विणलीत. मी तीन महिने आईकडे होते."

"हं."

"मग तेव्हा रस्त्याने कोण जात होतं?"

मी डोळे मिटले आणि श्वाससुद्धा जपून घेऊ लागलो. पुतळ्याचे काम मला दुपारपासून चांगलेच जमायला लागले होते.

"घोरत नाही आहात," ती म्हणाली. "म्हणजे जागे आहात."