पाडव्याचं घड्याळ

२०२३ सालची दिवाळी. त्या वर्षी केयूरने पुण्याहून छाती ठोकून सांगितलं, "आई, ह्या खेपेक असली भेट धाडलंय, की तुम्ही दोघां बघीतच रवशात!"

मथुराबाईंनी एवढंच विचारलं, "आणि तू?"

"माका सुट्टी नाय गो. चतुर्थीक इल्लंय मां? चल, ठेवतंय, गाडी चालवतंय. आणि मी गाडीत असताना फोन करू नको, कितीदा सांगलंय! असेच अपघात होतत."

मथुराबाईंनी फोन खाली ठेवला. त्यांना जुने दिवस आठवले. तेव्हा दिवाळीला एसटीच्या टपावर ट्रंक यायची आणि आत माणूस बसलेला असायचा. आता नुसती ट्रंकच येते! आजवर किती भेटी आल्या. पाय चेपणारं यंत्र आलं, त्याच्यावर मथुराबाईंचे यजमान दत्ताराम कोकमं वाळवत. तेलाशिवाय तळणारी शेगडी आली, तिच्यात मथुराबाई सुके बांगडे ठेवत, मांजराची भीती नाही! लेक यावा म्हणून त्यांचे सगळे देव विचारून झाले होते. यायचं ते पार्सलच.

या खेपेला घड्याळ आलं. काळं, चौकोनी, पापडाच्या डब्याच्या झाकणाएवढं! शेजारच्या सुदेशने ते चालू करून दिलं आणि समजावलं, "काका, तुम्ही खंय पडलात तर ह्या घड्याळ आपणच केयूरदादाक कळवतला. दादा थंयसून बोलतलो, तुम्ही बटण दाबूक नको की काय नको."

"म्हणजे मी पडाची वाट बघतत!" दत्ताराम म्हणाले आणि घड्याळ फडताळात ठेवून दिलं.

आता दत्तारामांच्या घरची एक रीत. दिवाळीत घरात आलेली नवी वस्तू पाडव्याला आधी गोठ्यात जायची, मग माणसाच्या अंगावर. ज्यांच्या जिवावर शेत पिकतं त्यांचा मान पहिला! सुनेने, अवनीने धाडलेला मफलरसुद्धा आधी चांदो बैलाच्या गळ्यात पडला होता. चांद्याने त्यातला अर्धा खाल्ला, तो भाग वेगळा.

पाडवा उजाडला. गुरांना न्हाऊ घातलं, शिंगांना काव फासली, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. मथुराबाई चुलीपुढे हळदीच्या पानांतले पातोळे उकडत होत्या. धुराने डोळे चुरचुरत होते. बाहेरून दत्ताराम "येतंय गो!" असं काहीतरी ओरडले. गुरं घेऊन रानात चालले असतील, असं त्या समजल्या आणि पातोळ्यांत गुंतल्या.

इतक्यात फोन वाजला. केयूर! आणि तो चक्क रडत होता!

"आई! बाबा खंय आसत?"

"गुरां घेऊन गेले. कित्याक रे?"

"बाबा पडले! घड्याळान कळवल्यान. मी घड्याळात हाका मारतंय तर बोलाक होणा नाय, नुसती घरघर ऐकाक येता! व्हाळाकडे दाखयता. आई, मी नि अवनी निघालंव!"

मथुराबाईंच्या हातातला पातोळा चुलीत पडला. पायांखालची जमीन सरकली म्हणतात ना, तशी नाही. अंगणातलं आख्खं खळंच सरकलं! शेजारची शेवंती धावत आली. तिला 'पडले' एवढंच कळलं, बाकीचं तिने आपल्या मनाने भरलं.

"अरे माझ्या भावोजींनूऽऽ! पाडव्याच्या दिसाक चाललात रेऽऽ!"

तिच्या हंबरड्याने आंब्यावरचे कावळे उडाले. वाडीतल्या चुली विझल्या. पुरुष माणसं काठ्या, दोर आणि खाट घेऊन खाली ओढ्याकडे, त्या व्हाळाकडे, पळाली. मागून मथुराबाई, अनवाणी.

व्हाळाच्या काठाला करवंदीच्या जाळीतून आवाज येत होता, "बाबा! बाबा, काय तरी बोला!"

लवू, जो खाटेचा पुढचा पाय धरून होता, त्याने खाट तिथेच टाकली. "ह्यो केयूरचो आवाज! केयूर पुण्याक आणि आवाज जाळीत! माका ह्यातला काय कळाक नाय!"

जाळी हलली. बाहेर आला चांदो. गळ्यात झेंडूची माळ, अंगभर चिखल आणि उजव्या शिंगावर घट्ट आवळलेलं काळं चौकोनी घड्याळ! व्हाळाच्या दरडीवरून घसरून स्वारी खाली आपटली होती.

"बाबा, खूप दुखता काय?" शिंग म्हणालं.

"हंऽऽबाऽऽ!" चांदो म्हणाला.

"अरे देवा!" शिंग हुंदके देऊ लागलं, आणि तेवढ्यात घड्याळाचा जीव संपला. चार्ज उतरला!

मथुराबाईंनी जाळी धुंडाळली, आत कोणी नव्हतं. घड्याळ सापडलं, पण मग माणूस कुठे? वरात तशीच घरी आली. खळ्यात वाडी जमलेली, शेवंतीचा सूर टिपेला. आणि फाटकाच्या बेड्याशी रिक्षा थांबली. उतरले दत्ताराम! तळेऱ्याच्या बाजारातून दाढी, कटिंग, मिशांना कलप, गालांवर पावडर!

गर्दी बघून ते हबकले. हळूच लवूला विचारलं, "कोण गेलो रे?"

लवू दोन पावलं मागे सरला. शेवंतीने डोळे वर केले, दत्तारामांना पाहिलं आणि सुरातच आडवी झाली.

"सांजेक तू ओवाळतलंस," दत्ताराम मथुराबाईंना खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणान गुरां रानात सोडून जरा तोंड बरा करून इलंय. इतका रडण्यासारखा दिसता काय?"

मथुराबाई हसल्या, रडल्या, मग पदराने त्यांच्या गालांवरची पावडर पुसली.

सुदेशने फोन काढला. "काकी, दादाक सांगतंय काका बरे आसत म्हणान. उगाच धावत येतलो."

"थांब!" मथुराबाईंचा आवाज एकदम खणखणीत झाला. "तो गाडी चालवता. गाडीत असताना फोन केलेलो त्याका आवडणा नाय."

"मगे अवनीवहिनीक लावतंय."

"तिका गाडी लागता. डोळे मिटून पडली असतली. झोपांदे बिचारीक."

सुदेशने त्यांच्याकडे बघितलं आणि फोन खिशात ठेवला. मथुराबाई आपला फोन बंद करून नव्याने पातोळे थापायला बसल्या. या वेळी दुप्पट.

दिवेलागणीला गाडी आली. केयूर धडपडत खळ्यात शिरला, तर बाबा पाटावर बसलेले आणि आई ओवाळतेय!

"आई!" तो किंचाळला. "एक फोन करूक काय झाला होता?"

"अपघात होतत रे," मथुराबाई निरांजन खाली ठेवत म्हणाल्या. "बस. हातपाय धू. पातोळे गरम आसत."

तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मग ताटावर बसून इतके पातोळे जेवला, की अवनी बघतच राहिली.

शेवंती अजून सांगते, की एवढं मन लावून ती सख्ख्या सासऱ्यासाठीही रडली नव्हती. दत्तारामांच्या खऱ्या वेळेला रडणं कमी पडलं, तर त्यांनी तिला बोल लावू नये. सुदेशला वाडीतले लोक घड्याळ चालू करायला बोलावत नाहीत. लवूने खाट परत आणली, पण व्हाळाच्या वाटेला एकटा जात नाही. चांदो फोन वाजला की हंबरतो. दत्ताराम दर पाडव्याला तळेऱ्याला जाऊन कलप लावतात, मात्र आता वाडीभर सांगून जातात.

आणि २०२४ च्या दिवाळीआधी केयूरचा फोन आला, "आई, औंदा पण सुट्टी मिळासारखी दिसणा नाय. काय धाडू तुका?"

"काय नको रे बाबा," मथुराबाई म्हणाल्या. "त्या घड्याळाचो चार्जर गेल्या दिवाळीक खंय ठेवलंस, तेवढाच सांग."