श्वास चोरणाऱ्यांचा डॉक्टर

आमच्या समोरच्या घरातला इनामदार डॉक्टर माणसाच्या तोंडाकडं बघायचाच न्हाई. बरगड्यांकडं बघायचा. रस्त्यात रामराम घातला तर त्याची नजर माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर. "तात्या, श्वास चोरताय," म्हणायचा आणि पुढं जायचा. माझा रामराम तसाच हवेत.

शिकलेला भुलीचा डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळी माणसाला झोपवणारा. पण बोलणं माळशिरसकडचं, मळ्यातलं. लग्न केलं न्हाई. कुस्त्या बघायला जायचा. सगळं सोलापूर जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घ्यायचं, हा हरलेल्याच्या मागं पळायचा. "थांब की! कितवी बरगडी गेली बघू दे!"

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढं चादरीच्या गिरणीत मागावर जन्म गेला. पण कसं चालतं ते विचारायचा मला लई नाद. एकदा म्हटलं, "मोडक्या बरगडीला सुई मारून करतोस काय? हाड सुईनं जुळतं व्हय?"

तो खूश झाला. माझ्या पाठीवर बोट फिरवत म्हणाला, "हाड आपलं आपण जुळतं. बरगडी म्हंजे चाळीची गॅलरी. तिच्या खालच्या कडेनं नस जाते, विजेच्या वायरीगत. तिला औषध पाजून झोपवायची. मग माणूस खोल श्वास घेतो, खोकतो. न्हाईतर दुखतं म्हणून श्वास चोरतो, कफ साठतो, न्युमोनिया होतो." या गॅलऱ्यांना त्यानं स्वभावपण दिले होते. सहावी भांडकुदळ, अकरावी बिचारी गरीब.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी माझी बायको गोदा गेली. डॉक्टर तिला काकू म्हणायचा. तिला दवाखान्यात न्यायला टांगा बघायला धावलो आणि ओट्याच्या कडेवर छातीनं आपटलो. टांगा घेऊन आलो तोवर ती गेली होती. त्यात माझ्या छातीचं कुणाला काय सांगायचं?

रडू गळ्यापर्यंत यायचं, पण हुंदका उठला की डाव्या कुशीत सुरी फिरायची. मी तोंड मिटून बसायचो. भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडायला लागल्या की मागं सरकायचो. भावकीत कुजबुज सुरू. "जन्मभर तिच्या हातची भाकरी खाल्ली, आन् म्हाताऱ्याच्या डोळ्याला पाणी न्हाई." मला रडायचं होतं हो. तिच्यासाठी तेवढं एकच करायचं उरलं होतं, तेही जमेना.

डॉक्टर भेटायला आला. सगळे मान खाली घालून बसलेले, हा माझ्या सदऱ्याकडं टक लावून. एकदम उठला आणि अंगठा माझ्या डाव्या कुशीत दाबला. मी बोंबललो. रडणाऱ्या बायकांनी तोंडावरचे पदर काढले.

"सातवी," तो म्हणाला. "आठवीपण. दवाखान्यात चला."

माझी थोरली बहीण, आक्का, उसळली. "दहावा झाल्याबिगर ह्यो उंबऱ्याबाहेर जाणार न्हाई!"

"मग सुई हितं आणतो."

"सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाई. उकळशील कशावर?"

त्यानं आपल्या घरी उकळली. शेजारणी पिठलं-भाकरी आणतात तशी पांढऱ्या फडक्यात झाकून काचेची सिरिंज घेऊन आला. आक्का सवयीनं म्हणाली, "ठेवा तिकडं कोपऱ्यात. सावकाश खाईल."

मला पाटावर पुढं वाकवून बसवलं. "हलू नका, आत लगेच फुप्फुस हाय." सुई हाडाला टेकली, मग हळूच खालच्या कडेनं घसरली. तीच गॅलरी, तीच वायर, मला आतून कळत होतं. जरा वेळानं सुरी बोथट झाली, मग राहिलीच न्हाई.

"आता घ्या श्वास. पोटभर."

घेतला. तळापर्यंत गेला. आणि बाहेर येताना गोदाला घेऊन आला. मी असा काही हंबरडा फोडला की आक्का किंचाळली, "अगं बाई, सुई चुकली की!"

"चुकली न्हाई, आक्का. बरोबर लागली. दिवेलागणीला औषध उतरतं. तोवर त्यांना मोकळं सोडा. चला, समद्यांनी बाहेर."

माणसं उठली. दार ओढून घेऊन डॉक्टर बाहेर पायरीवर बसला. मी आत पोटातनं रडत होतो, कुठंच अडत नव्हतं. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या, कुणीतरी भेटायला आलं होतं.

"आत कोण हाय?"

"तात्या आणि काकू हायती," डॉक्टर म्हणाला. "नंतर या."