चार इंच वजा

मी फक्त एक टेप विकत घेतली. बाकीचं सगळं आपोआप झालं.

टेप मापाची, स्टीलची, बटण दाबलं की सर्रकन आत पळणारी. घरात कापडी टेप होती, नाही असं नाही. पण मी चौथीत असताना आत्याने तिच्यावर गरम इस्त्री ठेवली आणि टेपचे पहिले चार इंच जळाले. दुसऱ्या कुठल्याही घरात त्याच आठवड्यात नवी टेप आली असती. आमच्याकडे बाबांनी जळका तुकडा कात्रीने सरळ कापला आणि टेप उत्तम असल्याचं जाहीर केलं. आकड्यातून चार वजा करायचे की झालं.

तेव्हापासून आमची टेप चारापासून सुरू होते आणि आमचं घर वजाबाकीवर चालतं. कपाट असो, गादी असो, उशीचा अभ्रा असो, आधी मोजायचं, मग चार वजा. शेजारच्या काकू टेप मागायला आल्या तर आई ती देताना "चार वजा करा हं" असं सांगते, जशी काही औषधाची बाटली देतेय. आता तर टेप समोर नसली तरी चालतं. कुणी इंचात आकडा सांगितला की आमच्या घरातली डोकी मुकाट्याने चार कमी करतात. मी गेली पंधरा वर्षं नवी टेप आणा म्हणून कंठशोष करतेय. उत्तर ठरलेलं : "चालतंय ना?"

या दोन शब्दांवर आमच्या घरातली तिन्ही मोठी माणसं जगतात. बाबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं एकाच टेबलाशी बसलेत. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि आता घरात शिकवते. आई शिवणकाम इतकं सुरेख करते की कुणालाही हेवा वाटावा, आणि त्याचा उपयोग फाटक्या चादरी जोडण्यापलीकडे कधी केला नाही. आणि मी, पदवीधर, वय चोवीस, विमा कंपनीत दाव्यांच्या फायलींवर शिक्के मारते. (शिक्का सरळ पडला की साहेब मान डोलावतात. माझ्या करिअरमधला हा सर्वोच्च क्षण.)

तर मी ठरवलं की नोकरी सोडायची आणि पडदे शिवायचा धंदा सुरू करायचा. रात्रीच्या जेवणाला सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांचं म्हणणं असं की पगार पहिल्या तारखेला येतो, गिऱ्हाईक कधी येईल ते गिऱ्हाईकालाही ठाऊक नसतं. आत्याचं म्हणणं, ज्या मुलीला स्वतःचं कपाट आवरता येत नाही तिने लोकांच्या खिडक्यांना हात लावू नये. आईचं काहीच म्हणणं नव्हतं, पण ते तिने इतक्या वेळा उसासे टाकून सांगितलं की मी भांडायलाच उठले. तुम्हाला माझ्यावर विश्वासच नाही, असं मी बोलले. ते खोटं पाडायला कुणीही पुढे आलं नाही.

शेवटी तह झाला. मला एक ऑर्डर मिळाली होती, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. आमच्या ऑफिसच्या खाली त्यांचा नवा दवाखाना, रस्त्याला लागून पाच मोठ्या खिडक्या. जाणारे-येणारे आत डोकावतात, आणि तोंड वासून खुर्चीत पडलेल्या माणसाला ते आवडत नाही. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायचा होता. ठरलं असं : पडदे रविवारी वेळेत लागले आणि बाईंना पसंत पडले, तर मी सोमवारी राजीनामा देणार आणि घरात कुणी ब्र काढणार नाही. नाही पडले, तर मी धंद्याचं नाव काढणार नाही आणि शिक्के मारत म्हातारी होणार.

दुसऱ्याच संध्याकाळी मी ती टेप घेतली. मुद्दाम सगळ्यांसमोर बटण दाबून आत-बाहेर करून दाखवली. बाबांनी नाकावरचा चष्मा वर करून विचारलं, "जुनीला काय झालं?"

"जुनीला पंधरा वर्षांपूर्वी झालं, बाबा."

मंगळवारी जाऊन मी खिडक्या मोजल्या. पाचही एका मापाच्या. दुमडीचं कापड सोडून तयार पडद्याची लांबी काढली, डायरीत पेन्सिलने लिहिली आणि डायरी दिवाणखान्याच्या टेबलावर ठेवली. बाईंनी त्या मापानुसार फिकट राखाडी कापड आणलं, चांगलं जाड, महागातलं. मग बुध, गुरु, शुक्र ऑफिसात फायलींचा ढीग होता, मी डायरीकडे पाहिलंही नाही.

शनिवारी डायरी उघडली तर पान बदललेलं. आत्याने माझं पान फाडून नव्या पानावर सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलं होतं, खाली दोन रेघांसकट. म्हणाली की माझं पान खोडून खोडून चाळणी झालं होतं, वाचवेना. मी काही खोडलेलं आठवत नव्हतं, पण आत्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धंद्यासाठी काहीतरी केलं होतं. उगाच वाद कशाला? मी तिला चक्क थँक्यू म्हटलं. ती थोडी दचकली.

मग फरशीवर कापड पसरलं, खडूने खुणा केल्या आणि कापलं. कात्री अशी चालली की काय सांगू. पाच पडदे कापून झाले तरी भलंमोठं कापड उरलं. मला वाटलं, काय ही माझी काटकसर. बाबांना बोलावून उरलेलं कापड दाखवलंसुद्धा. ते मान हलवत म्हणाले, "वा, जमतंय की तुला." आई कौतुकाने बघत होती. आत्या तर हसली. तिघंही इतकी समाधानी दिसत होती की मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच थोडं वाईट वाटलं. म्हटलं, किती चूक समजत होते मी या बिचाऱ्यांना.

शिलाईही मीच केली. आईने दोनदा पुढे येऊन बघितलं, दोन्ही वेळा मी तिला हाकललं.

रविवारी दुपारी मी दवाखान्यात निघाले तर तिघं तयार होऊन दारात उभी. बाबांना शिडी धरायची होती, आईला नुसतं बघायचं होतं, आणि आत्याने कारण देण्याचे कष्ट घेतले नाहीत. डॉक्टरीणबाई पाच वाजता येणार होत्या. मी शिडीवर चढले, पहिला पडदा रॉडवर चढवला आणि ऐटीत सोडला.

पडदा खाली आला, आला, आणि थांबला. खिडकीच्या कठड्याच्या हातभर वर.

मी तो ओढून बघितला. (ओढल्याने कापड वाढत नाही, हे शिक्षित माणसालाही अशा वेळी आठवत नाही.) दुसरा लावला. तोही तसाच. पाचही पडदे विजार आखूड झालेल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले. आणि खालच्या उघड्या काचेला नाक चिकटवून रस्त्यावरची तीन पोरं आत बघत होती. मोठ्या माणसांना आत डोकावायचं तर आता वाकावं लागलं असतं, पण पोरांच्या उंचीला ती फट अशी बसली होती की जणू त्यांच्यासाठीच मापून ठेवली होती.

मी शिडीवरूनच टेप काढून खिडकी मोजली. "साठ," मी म्हटलं. "लांबी साठच हवी होती. मी साठच लिहिली होती." मग डायरी उघडली. आत्याच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं : अठ्ठेचाळीस.

मग आई हळूच म्हणाली, "मी फक्त चार कमी केले गं. बुधवारी. म्हटलं घाईत तू वजा करायला विसरली असशील."

"मी नव्या टेपने मोजलं होतं, आई."

"ते मला काय माहीत? लिहिलं होतंस का वर, नवी टेप म्हणून?"

बाबांनी शिडी सोडून घसा खाकरला. गुरुवारी चहा पिताना त्यांनी डायरी सहज उघडली होती. पोरीला धंद्यात तोटा नको म्हणून त्यांनीही चार कमी केले. न सांगता, कारण सांगितलं असतं तर मी चिडले असते. आम्ही दोघी आत्याकडे वळलो. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

"वन्सं?" आई म्हणाली.

"मी उतरवून काढताना केले," आत्या म्हणाली. "उतरवताना तपासायचं असतं."

मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सांगत नाही. विश्वास नाही, मोकळेपणा नाही, एक टेप तुम्हाला पंधरा वर्षांत घेता आली नाही, माझं आयुष्य तुम्ही तिघांनी बारा इंचांनी आखूड केलं, वगैरे. शिडीवर उभं राहून बोललं की शब्दांना एक प्रकारचं वजन येतं. बाबांनी मान खाली घातली. आईने पदराने उगाच कपाळ पुसलं. बाहेरची तीन पोरं पाच झाली.

आत्या मात्र ऐकत नव्हती. तिने माझ्या हातातली टेप घेतली, पडदा मोजला, बोटांवर काहीतरी केलं आणि वर बघितलं.

"आम्ही तिघांनी मिळून बारा कमी केले. पडदे सोळांनी आखूड आहेत. चार कुणाचे?"

मला शनिवारची दुपार आठवली. फरशीवरचं कापड, हातातला खडू, डायरीतला अठ्ठेचाळीस. आणि तो वाचता वाचता, एकही क्षण न थांबता, चव्वेचाळीसवर खूण करणारा माझा स्वतःचा हात.

मी शिडीवरून खाली उतरले.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "आपलीच आहे ती." आणि मग आधी आईला हसू फुटलं, मग आत्याला, आणि त्या दोघी हसायला लागल्या की बाबांना दम लागतो. मी एक मिनिट रागावून उभी राहिले. दुसऱ्या मिनिटाला मी खुर्चीत, दातांच्या खुर्चीत, बसून पोट धरून हसत होते. बाहेरच्या पोरांना काय वाटलं असेल देव जाणे.

घड्याळात सव्वातीन झाले होते. हसून झाल्यावर मला रडू यायची वेळ होती, पण तेवढ्यात आई बदलली. दुसरा शब्द नाही त्याला. तिने बाबांना घरी पिटाळलं, उरलेलं कापड, शिवणयंत्र आणि माझ्या खोलीतला गडद निळा पडदा आणायला. माझा पडदा का, असं मी विचारलं, तर तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उरलेल्या कापडाचे पाच तुकडे खाली जोडायचे, आणि जोड दिसू नये म्हणून त्यावर निळी आडवी पट्टी बसवायची. तिने हे हवेत बोटाने काढून दाखवलं आणि मला एकदम कळलं की ही बाई गेली पंचवीस वर्षं चादरी जोडत नव्हती, तयारी करत होती.

बाबा स्कूटरवर पुढे यंत्र आणि मागे गठ्ठा बांधून आले. यंत्र डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर बसलं. आत्याने माप घेतलं, माझ्या स्टीलच्या टेपने, आणि आकडा मोठ्याने सांगून बजावलं की यातून कुणीही काहीही वजा करणार नाही. बाबा खडूने रेघा मारत होते. चौतीस वर्षं तक्ते आखलेल्या माणसाची रेघ ती, केसभर इकडे नाही तिकडे नाही. आई शिवत होती. मी कात्री घेऊन पुढे झाले तर तिघांनी एकदम "तू राहू दे" म्हटलं. मग मी टाचण्या गोळा केल्या आणि चहा सांगून आले.

पाचला पाच कमी असताना शेवटचा पडदा लागला. राखाडी पडदा, खाली रुंद निळी पट्टी, कठड्याला टेकेल न टेकेल असा. खोलीचं रूपच पालटलं. डॉक्टरीणबाई आत आल्या, दारातच थांबल्या आणि विचारलं की ही पट्टीची कल्पना कुणाची. मी तोंड उघडलं, पण बाई सरळ आईकडे वळल्या होत्या, कारण आईच्या गळ्यात टेप होती. जुनी. त्यांनी घरच्या सात खिडक्यांची ऑर्डर तिथेच दिली. त्यांच्या मैत्रिणीची बालवाडी आहे, तिलाही असेच हवे असणार, असं म्हणाल्या. बाबांनी ते लिहून घेतलं. आत्याने ते तपासलं.

घरी येताना मी हवेत होते. जिंकले होते मी. जेवण झाल्यावर मी राजीनाम्याचा कागद काढला आणि सांगितलं की उद्या सकाळी देणार, आता कुणी ब्र काढायचा नाही. कुणी काढलाही नाही. तिघांनी फक्त एकमेकांकडे बघितलं.

मग बाबांनी सांगितलं की त्यांची निवृत्ती तीन महिन्यांवर आली आहे, ते आधीच रजा टाकणार आहेत. आखणी त्यांची. शिलाई आईची. मापं आणि तपासणी आत्याची. बसायला दिवाणखाना आहेच. आई म्हणाली, यंत्र खिडकीपाशी हलवायला हवं. तिघं इतक्या उत्साहाने बोलत होती की मधे शिरायला फट मिळेना.

"आणि मी?" मी विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, धंदा नवा आहे. घरात एक पगार पहिल्या तारखेला यायला हवा. तू नोकरी सोडू नकोस."

"पण धंदा माझा आहे, बाबा."

"कल्पना तुझी आहे," आई प्रेमाने म्हणाली. "ते कुणी नाकारत नाही."

मी आत्याकडे बघितलं. निदान गणिताच्या माणसाला न्याय कळतो म्हणतात. तिने जरा विचार केला. सध्या जागा नाही, म्हणाली, पण पुढे रविवारपुरतं कुणी लागलं तर बघता येईल. मी रीतसर अर्ज करावा, कापणीचा अनुभव प्रामाणिकपणे लिहावा.

मी अर्ज केला. महिना होऊन गेला. दुसरेही अर्ज आलेत म्हणतात, शेजारच्या काकूंचा बराच चांगला आहे.