खोडाचं नाही, खाली जोडाचं

इंगळेभाऊ बोललेला शब्द मागे घेत नाहीत. वचनाला जागणारे वगैरे म्हणून नव्हे, मागे घेणं हा प्रकारच त्यांना मान्य नाही. हॉटेलात चहा सांगतील, मग मन बदलून कॉफी सांगतील, पण चहा नको असं म्हणणार नाहीत. "खोडाचं नाही, खाली जोडाचं." दोन्ही कप येतात आणि चहा माझ्या गळ्यात पडतो.

चिखलीच्या आमच्या धान्य गोदामात ते संगणक सांभाळतात. कुठल्या शेडमध्ये किती ओल, किती उष्णता, हे यंत्रं आपणहून कळवतात आणि ते भाऊंच्या की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. म्हणजे एक चावी आणि त्या चावीला एक नोंद. भाऊ चावीत शेडच्या नावापुढे वेळही घालतात, म्हणून प्रत्येक नोंदीला नवी चावी. जुनं काही पुसलं जात नाही. एकदा एका हमालानं यंत्रावर चहाचा ग्लास टेकवला आणि गहू तापल्याची नोंद झाली. मॅनेजर म्हणाले, पुसा ते. भाऊंनी खाली जोडलं, "वरचा गहू नाही, चहा हाये."

जेवणाच्या सुट्टीत मात्र ते खोलीचं दार लावून घेत. आणि आतून बाईचा आवाज येई.

"अहो, जेवाले कवा येता?"

रोज तेच शब्द, तोच सूर, शेवटी तोच बारीक खोकला. आवाज भाऊंच्या बायकोचा, सुमनवहिनींचा. त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि मी स्वतः त्यांना खांदा दिला होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आल्या पावली परत फिरलो. हमालांनी तर त्या व्हरांड्यातून जाणंच सोडलं. आवाजामागून भाऊंचं हळू उत्तर येई, आणि मग आत कसलीच हालचाल नसे.

शेवटी एका दुपारी मी डबा घेऊन दार ढकललं. भाऊ संगणकासमोर एकटेच बसले होते. दचकले नाहीत.

"वहिनी का हो, भाऊ?"

"हाव."

मग त्यांनीच सांगितलं. कामात ते फोन उचलत नसत, म्हणून वहिनींचे निरोप साठवायची सोय त्यांनी केली होती. तेव्हा ते या कामात नवखे होते.

"चावी निस्ती 'सुमन' ठेवली गा. वेळ लावलाच नाही. एका चावीत एकच नोंद राह्यते. नवा निरोप आला का जुना गेला. भांडलेली, हासलेली, माहेरून बोललेली, सारी गेली. हा शेवटचा तेवढा राह्यला."

मला फार वाईट वाटलं. स्क्रीनवर त्या एका निरोपाखाली भाऊंनी माइकवर बोललेली उत्तरं अक्षरांत उमटली होती, प्रत्येकाला आपापली वेळ, स्क्रीन संपेपर्यंत. सगळीकडे एकच मजकूर.

"आलोच. थांबजो."

ते वाचून मी इकडेतिकडे पाहिलं. भाऊंचा डबा खोलीत कुठेच नव्हता. त्यांची गालफडं किती आत गेलीत, हेही मला तेव्हाच दिसलं. मी खुर्ची ओढली, डबा उघडला आणि भाकर-ठेचा त्यांच्यापुढे सरकवला.

"अहो, जेवाले कवा येता?" रोजच्या ठरल्या वेळी संगणकातून वहिनींनी विचारलं.

भाऊंनी भाकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माइक जवळ घेतला.

"सुमन, आज जेवाले सोबती हाये. मले तिकडे याले टाइम लागन."